ओतणारा हात

सर, तुमच्या फोटोला पहिला हार भाऊसाहेबांनी घातला. हो, त्याच हातानं. पुष्कराजाची अंगठी, मनगटावर लाल गंडा, सगळं तसंच. मी दुसऱ्या रांगेत होते आणि माझं डोकं असं फिरलं की शेजारच्या मराठीच्या बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. त्यांना वाटलं, मला रडू येतंय. रडू कसलं! मला राग येत होता, आणि खरं सांगू का, त्यातला अर्धा तुमच्यावर होता.

गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणोत बापडे. तुमचं-माझं भांडण अर्धवट राहिलं आणि तुम्ही मधेच उठून गेलात. स्टाफरूममध्येसुद्धा तुमची हीच सवय. मी तावातावानं बोलायला लागले की, "मॅडम, आलोच एक मिनिटात," म्हणायचं, टेबलावरची शिट्टी उचलायची आणि मैदानात पसार. आता तुम्हाला कुठं पळता येत नाही, तर मी एकदाचं बोलून घेते.

पण आधी एक देणं आहे ते चुकतं करते. औरंगपुऱ्यातली आपली शाळा, तिन्ही बाजूंनी दुकानं, मधे मैदान म्हणजे एवढंसं अंगण. क्रिकेट खेळावं तर चेंडू साड्यांच्या दुकानात. म्हणून तुम्ही कबड्डी धरलीत. "कबड्डीला जागा कमी लागती आन दम जास्त. आपल्या पोरायकडं दमच हाय, मॅडम." वसतिगृहातली सोयगावकडची, अजिंठ्याच्या डोंगराकडची पोरं, मेंढरांमागं पळालेली, कापसाच्या रानात वाढलेली, तुम्ही एकेक हेरून काढायचात. आणि सराव कधी, तर माझ्या बीजगणिताच्या तासाला! मी खिडकीतून ओरडायची, "कडुबा सर, माझी पोरं द्या!" तुम्ही खालून नुसते हात जोडायचात. एक दिवस म्हणालात, मॅडम, तुम्हीच खाली या, हितंच शिकवा. मी पदर खोचून खाली आले. पांढऱ्या फक्कीनं आखलेली मध्यरेषा, निदानरेषा, बोनस रेषा. त्यांच्यावरच मी अंतरं मोजायला लावली, क्षेत्रफळं काढायला लावली. फळ्यावर जे विष्णूला सात जन्मांत कळलं नसतं, ते त्या मातीत कळलं. त्याचे आभार मानायचे राहून गेले होते. आज मानले.

आता भांडण.

विष्णू आपला कर्णधार. चढाईला निघाला की समोरच्या संघातली पोरं आपोआप मागं सरकायची. त्याचा बाप रंगनाथ, सोयगाव तालुक्यातला शेतकरी, थोडी जमीन आणि एक पिकअप गाडी. विष्णू आणि संघातली आणखी तीन पोरं एकाच गावची. भाऊसाहेबही त्याच गावचे, गाव त्यांना मालक म्हणतं, आणि आपल्या शाळेच्या संचालक मंडळावर. विभागाची स्पर्धा जिंकून संघ राज्याला निघाला तेव्हा भाऊसाहेबांना आपला नवस आठवला. 'आपली पोरं राज्याला गेली तर पिराला बोकड देईन.' झालं, कंदुरी ठरली.

कंदुरी म्हणजे सगळा गड्यांचा कारभार. गड्यांनीच कापायचं, गड्यांनीच शिजवायचं, पंगतीही गड्यांच्याच. मला तर बोलावणंच नव्हतं. तुम्हाला होतं, पण तुम्ही पडलात माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, आणि कुणी डब्यात अंडं आणलं की गुपचूप उठून खिडकी उघडणारे. गावानं तुमचा मान राखला. माळकऱ्याला कंदुरीच्या धुराकडं फिरकू द्यायचं नाही, ही तिथली रीत. पीर ओढ्यापलीकडं, आणि तुमची वरण-बट्टी ओढ्याअलीकडं, रंगनाथच्या घरी. त्याच्या बायकोनं आग्रह करकरून तूप वाढलं. पलीकडून हलगीचा आवाज येत होता. तुम्ही ओसरीवर बसून तो ऐकलात आणि त्या माउलीला म्हणालात, "पोरं मजा करायलेत."

त्या पंगतीत दारूचं काही काम नव्हतं, हे तुम्हीच मला सांगितलंत. "पिराच्या कंदुरीत दारू? आमच्या आज्याच्या वेळी कुनाची टाप नव्हती वो. गावानं तोंडात शेण घातलं असतं." दारू भाऊसाहेबांच्या गाडीच्या डिकीतून आली. मोठ्यांना झाली, मग मोठ्यांना पोरांचं कौतुक आलं.

आणि त्या कौतुकाचा कुणीतरी व्हिडिओ काढला. दुसऱ्या दिवशी अख्ख्या औरंगपुऱ्याच्या मोबाइलवर तो फिरला. मी सतरांदा बघितला आहे तो. मांडी घालून बसलेली आपली चार पोरं, दहावीतली, ओठावर मिसरूडसुद्धा धड नाही. चौघांचे चेहरे स्वच्छ दिसतात. समोर स्टीलचे ग्लास. वरून एक हात येतो, मनगटापर्यंतच, अंगठी आणि लाल गंडा, आणि एकेका ग्लासात ओतत जातो. मागून कुणीतरी म्हणतं, "पी रे वाघा, राज्याला जायचंय!" विष्णू आधी नको म्हणून मान हलवतो. मग हसतो. मग पितो. पोरांचे चेहरे सगळ्या शहरानं बघितले आणि मोठ्यांचा फक्त एक हात.

चौकशी समिती बसली. हेडसर, मी, आणि संचालक मंडळाचे प्रतिनिधी म्हणून अध्यक्षस्थानी कोण? भाऊसाहेब! तेव्हाही मला हसावं की कपाळ बडवून घ्यावं कळेना. मी मोबाइल टेबलावर ठेवला आणि विचारलं, "हा हात कुणाचा आहे?" टेबलावर त्यांचे दोन्ही हात होते, त्यातला एक हळूच खाली गेला. "मॅडम, मुख्य मुद्दा शिस्तीचा आहे," ते म्हणाले. हेडसरांनी लगेच री ओढली, झाकली मूठ सव्वा लाखाची, शाळेचं नाव जाईल, वगैरे. पोरांना आत बोलावलं. कुणी दिली? विष्णू म्हणाला, "मीच घेतली." एवढंच, एकच वाक्य, किती वेळा विचारलं तरी तेच.

मग काय, चोर सोडून संन्याशाला फाशी. चौघांना प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर उभं केलं. संघ राज्याच्या स्पर्धेतून काढून घेतला. चौघांना शाळा आणि वसतिगृह बंद. मी इतकी भांडले की शेवटी माझं तोंड बंद करायला हेडसरांनी एक पळवाट ठेवली. त्या दिवशी तिथं हजर असलेला कुणी एक मोठा माणूस शाळेत येऊन सगळ्यांसमोर बोलला, की पोरांनी मागितली नाही, आम्ही दिली, तर पोरं परत घेऊ. नाहीतर दिवाळीनंतर दाखले हातात. हेडसरांना पक्कं ठाऊक होतं की कुणीही येणार नाही. भाऊसाहेबांनाही होतं, म्हणून तर त्यांनी मान डोलावली.

आणि तुम्ही काय केलंत? "चूक माझी. पोरं माझ्या भरवशावर गेली होती. माझं नाव लिहा," म्हणून मोकळे झालात. समितीला आणखी काय पाहिजे होतं? त्यांनी लिहिलं. तुमची शिट्टी काढून घेतली आणि तुम्हाला ग्रंथालयात बसवलं.

त्या दिवशी चहाच्या वेळी मी तुमच्यावर केवढी ओरडले, आठवतंय ना? शिपाई कप ठेवून पळाला होता.

"सर, तुम्ही ओढ्याअलीकडं होतात! तुमचा काय संबंध?"

"म्हनूनच तं," तुम्ही म्हणालात. "गुरुजी पोरं सोडून तूप खात बसला."

"रीत होती ती गावाची."

"रीत व्हय. पन पंगतीत बसायची गरज नव्हती, नुसतं कडंला उभं ऱ्हायलो असतो तरी कुनाची छाती झाली नसती. मला माझी माळ संभाळायची पडली होती, मॅडम."

तुम्ही इतक्या शांतपणे बोललात की मला आणखी चीड आली. तुम्हाला एक कधी कळलंच नाही, सर. एक भला माणूस पुढं होऊन 'माझं चुकलं' म्हणाला की ज्यांचं खरंच चुकलेलं असतं त्यांना रात्री गाढ झोप लागते. तुमच्या त्या भलेपणाची सावली किती जणांना झाली बघा. भाऊसाहेबांना झाली, हेडसरांना झाली, गावातल्या प्रत्येक ओतणाऱ्याला झाली. उन्हात राहिली ती फक्त पोरं. मी म्हणत होते, पोरांना विश्वासात घ्या, नावं काढा, मी फाडफाड लिहिते कागदावर. तुम्ही मान हलवलीत. "पोरानं बापाचं नाव घेतलं तं घर मोडतं, मॅडम. बापानं सोताहून घेतलं तं ऱ्हातं."

मला तेव्हा समजलं की 'पी रे वाघा' म्हणणारा आवाज रंगनाथचा आहे. आपलेच दात, आपलेच ओठ. विष्णू कुणाला वाचवत होता तेही समजलं. भाऊसाहेबांचं त्याला काय पडलं होतं? तो बापाला वाचवत होता.

मग तुमच्या त्या रविवारच्या फेऱ्या. एसटीनं सिल्लोड, अजिंठा, पुढं सोयगाव, तिथून मिळेल त्या गाडीनं गाव. सोमवारी मी विचारायची, काय म्हणाले? तुम्ही म्हणायचात, "चहा दिला." कुणाचा कापूस वेचायचा राहिलेला, कुणाला लग्नाला जायचं, कुणी म्हणे भाऊसाहेबांना विचारून सांगतो. शाळेत येऊन एक वाक्य बोला, एवढंच मागत होतात तुम्ही. दर रविवारी चहा पिऊन परत. एकदा सीताफळांची पिशवी घेऊन आलात, म्हणालात, येत नाय म्हनला पन फळं दिली. मी ती सीताफळं खाल्ली नाहीत. रागच तेवढा होता. तुम्ही माझ्यासमोर बसून दोन खाल्लीत आणि बिया कागदात नीट गुंडाळल्यात, कुठंतरी लावीन म्हणून.

दिवसभर तुम्ही ग्रंथालयाच्या खिडकीशी उभे. खाली मैदान रिकामं. पावलांनी फक्की पुसट झालेली आणि नव्यानं आखायला कुणी नाही. मी वर्गावर जाताना बघायची आणि बघितलं नाही असं दाखवायची, कारण बोलले असते तर परत भांडणच झालं असतं.

शेवटच्या सोमवारी तुम्ही स्वतःहून माझ्याकडं आलात. चेहरा उजळलेला. "मॅडम, रंगनाथ येतो म्हनला."

"येतो म्हणणारे लई बघितले."

"नाय, हा येईल. बायकोसमोर म्हनलाय."

"येईल की! तुमच्या-माझ्या तेराव्याला येईल!"

तुम्ही खो खो हसलात. मीही हसले. आपण दोघं खूप दिवसांनी हसलो. आणि मंगळवारी सकाळी फोन आला की तुम्ही झोपेतच गेलात. सर, असं कुणी करतं का हो? माणसानं चेष्टेत म्हटलेलं इतकं मनावर घ्यायचं असतं का?

शाळेबाहेरचा तो म्हातारा रिक्षावाला, तुमच्या मॅट वाहून आणायचा बघा, त्यानं मला दोनदा विचारलं, "मॅडम, सच्ची? कडुबा सर?" आणि माझ्याकडून भाडं घेतलं नाही. तेव्हा कुठं मला रडू आलं. रिक्षात बसून रडले, त्यानं मागं वळून पाहिलं नाही, नुसती रिक्षा बाजूला लावून थांबला.

तर शोकसभा. आपल्याच मैदानावर मांडव. आणि कोण आलं असेल? सगळे! तुम्ही ज्यांच्या ज्यांच्या ओसरीवर चहा पिऊन परत आलात ते सगळे, कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून, गाड्या भरभरून. तेव्हा कापूस आडवा आला होता, आता मात्र वेळच वेळ. तुम्ही जिवंतपणी बोलावलंत तर एक फिरकला नाही आणि गेलात तर अख्खं गाव हजर. भाऊसाहेब बोलले. सरांनी पिढी घडवली, सर म्हणजे शिस्त, सर म्हणजे निर्व्यसनीपणा. आणि शेवटी जाहीर केलं, सरांच्या स्मरणार्थ कबड्डीचा चषक, सगळी व्यवस्था आमच्याकडं, जेवणासकट. जेवणासकट! लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या.

आपली चार पोरंही आली होती. शाळेचा गणवेश घालून आली होती, शाळेनं हाकललेलं असताना. पाण्याच्या टाकीपाशी उभी होती. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण बसा म्हणायला कुणी नव्हतं.

शोकठराव वाचायचं काम माझ्याकडं होतं. वाचला. मग मी म्हणाले, दोन मिनिटं उभं राहून आदरांजली वाहू. सगळा मांडव उभा राहिला. त्या दोन मिनिटांत मी तुमचं काहीएक स्मरण केलं नाही, सर. मी त्या हाताकडं बघत होते. तो हात तुमच्या फोटोसमोर दुसऱ्या हातात गुंतवून ठेवलेला, मान खाली, डोळे मिटलेले. आणि माझ्या मनात आलं, एवढी माणसं आयती उभी आहेत.

"बसायच्या आधी," मी माइकवर म्हणाले, "एक राहिलं. सर तुमच्याकडं एकच मागणं घेऊन हिंडत होते. ते त्यांच्या वतीनं मी मागते. कंदुरीच्या दिवशी आपल्या या चार पोरांच्या ग्लासात ज्यांनी ओतली, आणि ज्यांनी पी म्हणून सांगितलं, त्यांनी तेवढं खाली बसू नये. बाकीच्यांनी बसावं."

हेडसरांचा चेहरा असा झाला की आता हे पडतात. पहिल्यांदा कोण बसलं असेल? व्यासपीठावरचे भाऊसाहेब. खुर्ची पुढं ओढून, उपरणं सावरून, हात उपरण्याखाली घेऊन बसले. ते बसले तसा मांडव बसायला लागला. खुर्च्यांचा आवाज पुढून मागं जात राहिला. मधे एक जण बसता बसता अडला, अर्धा उभा राहिला, शेजारच्यानं त्याचा सदरा ओढला, तोही बसला. आणि शेवटी टाकीपाशी चौघंच उभी राहिली. विष्णू आणि त्याचे तिघे सोबती. कुणी ओतली ते सांगायचं नाही म्हणून ती पोरं स्वतःच उभी राहिली होती.

तरी मी माइक सोडला नाही. "विष्णू, तुम्ही चौघं बसा. तुम्ही प्रार्थनेला पुरेसं उभं राहिलात. आज मोठ्यांची पाळी आहे."

चौघं तिथंच मातीत बसली. आणि ती बसली म्हणून त्यांच्या मागचा माणूस दिसला. फाटकाला टेकून, टोपी हातात घेऊन, रंगनाथ.

"मी हाय, मॅडम," तो म्हणाला. माइक नव्हता, तरी शेवटपर्यंत ऐकू गेलं. "पोरगं नगं म्हनत हुतं. मी म्हनलो, पी. बाटली मालकाच्या गाडीतली, पन पोरगं तं माझं हाय. पोरायनी कुनाला मागितली नाय. गुरुजीला माझ्याच वट्यावर बशीवलं हुतं, त्यायला काय बी ठावं नव्हतं."

विष्णूनं दोन्ही गुडघ्यांत डोकं घातलं. हेडसर घाईघाईनं उठले. "ठीक आहे, ठीक आहे, रंगनाथराव, बसा. बसून घ्या."

"नाय सर," रंगनाथ म्हणाला. "मॅडम म्हनतील तवा बसतो."

मी त्याला लगेच बसा म्हणाले नाही. मी व्यासपीठाकडं बघत राहिले. बराच वेळ बघितलं. सगळा मांडवच तिकडं बघायला लागला. पण तिथून कुणी उठलं नाही. मग मीच म्हणाले, "बसा, रंगनाथराव." तो जाऊन विष्णूशेजारी मातीत बसला.

हेडसरांना आता शब्द फिरवता येईना. इतक्या लोकांसमोर अट पुरी झाली होती. चौघं वसतिगृहात परत आली, दाखले आता कुणी मागत नाही. राज्याची स्पर्धा गेली ती गेलीच. विष्णूच्या वयोगटाचं हे शेवटचं वर्ष होतं आणि ते भरून द्यायला कुणीही येणार नाही. अंगठीचा हात अजून संचालक मंडळावर आहे. तुमच्या नावाचा तो चषकही होईल. मी हेडसरांना सांगून ठेवलंय, झाला तर शाळेच्या मैदानावर, जेवण आपल्या वसतिगृहात, आणि माळकरी असो नाहीतर कुणीही, शिक्षक पोरांच्याच पंगतीत बसेल. बघू, किती दिवस पाळतात.

तुम्ही म्हणाल, मॅडम, एक तं आला ना? व्हय, आला. एकच आला. तुम्हाला एक पुरला असता, मला पुरत नाही, आणि हे भांडण मी आता कुणाशी करू ते सांगा. बायकोसमोर म्हणाला होता, येतो. तेराव्याच्याही आधी आला, सर. तुम्ही तेवढं थांबायला पाहिजे होतं.